बाष्पोच्छ्वास

वनस्पतीच्या शरीरातील पाणी वाफेच्या रूपाने, मुख्यतः पानांवाटे, बाहेर पडण्याची क्रिया. काही पाठ्यपुस्तकांत ‘बाष्पोत्सर्जन’ असा शब्द आहे. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक असेच उडून जाते. त्यातले बहुतेक पर्णरंध्रांतून, थोडे उपत्वचेतून (पानावरील मेणचट थरातून) आणि अगदी नगण्य खोडावरील वल्करंध्रांतून.

पाणी शेंड्यापर्यंत कसे चढते, हा जुना वाद आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १९२३ च्या ग्रंथात खोडातील जिवंत पेशींच्या स्पंदनाला याचे श्रेय दिले. मात्र त्याआधीच जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ स्ट्रासबुर्गर यांनी पिक्रिक आम्लाने खोडातील पेशी मारल्या, तरी पाणी चढतच राहिले होते. त्यामुळे डिक्सन व जॉली यांची (१८९४) संसक्ती-ताण उपपत्ती अधिक ग्राह्य मानली जाते. पानातून वाफ गेली की प्रकाष्ठातील (पाणी वर नेणाऱ्या ऊतीतील) पाण्याचा अखंड स्तंभ वर ओढला जातो. ताण फार वाढल्यास त्यात हवेचा बुडबुडा शिरून स्तंभ तुटतो. बाष्पोच्छ्वासाच्या क्रियेने पान थंड राहते व खनिजे वर पोचतात. तरी अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ कर्टिस यांनी १९२६ मध्ये तिला ‘आवश्यक अनिष्ट’ म्हटले, कारण कार्बन डाय-ऑक्साइड आत घेण्यासाठी रंध्रे उघडली की पाणी जाणारच.

विदर्भात दुपारी पऱ्हाटी (कपाशी) मान टाकते, ती दर वेळी पाण्याअभावी नव्हे. संध्याकाळी पाने सावरली तर तो तात्पुरता कोमेज. पहाटेपर्यंतही न सावरल्यास मुळांना पाणी मिळत नाही असे समजावे. भारी काळ्या जमिनीत चिकणमाती पाणी घट्ट धरून ठेवते, म्हणून ढेकळात ओल दिसूनही पीक सुकू शकते.

कपाशीची आकस्मिक मर ही याचीच उलटी बाजू. दीर्घ उघडीप, मग जोराचा पाऊस, शेतात तुंबलेले पाणी आणि लगेच कडक ऊन, असा तिचा नेहमीचा क्रम. प्राणवायूअभावी मुळे पाणी घेईनाशी होतात, पाने मात्र सोडतच राहतात. बोंडे लागलेले जोमदार झाड एक-दोन दिवसांत लुळे पडते. रोगजंतू आढळत नाही, म्हणून ही रोग नव्हे, शरीरक्रियेतील विकृती समजतात. सुकले म्हणून पाणी दिल्यास नुकसान वाढते. आधी नाल्या काढून पाणी बाहेर काढावे. लक्षणे दिसताच, २४ तासांच्या आत, १ ग्रॅम कोबाल्ट क्लोराईड १०० लिटर पाण्यातून फवारतात. त्याने इथिलीन या वनस्पती-संप्रेरकाची निर्मिती रोखली जाते. उशीर झाल्यास उपयोग नाही. (बाष्पोच्छ्वास दाखवणारा निळा कागदही याच क्षाराचा, ओलाव्याने तो गुलाबी होतो.)

संत्र्याला बहरासाठी ताण देताना पाण्याची हीच तूट मुद्दाम घडवतात. पाणी तोडल्यावर पाने मलूल होऊन साधारण २५ टक्के गळाली की ताण पुरेसा झाला असे धरतात. मग हलके पाणी (आंबवणी) व त्यानंतर थोडे अधिक (चिंबवणी) देतात. एकदम भरपूर पाणी सोडू नये.

उन्हाळी झाडांवर केओलिनची (पांढऱ्या मातीची) ८ टक्के फवारणी (लिटरला ८० ग्रॅम) करतात. पांढरा थर ऊन परतवतो. थर जाड बसल्यास प्रकाशसंश्लेषणही मंदावते. साग पानझडीनेच ही तूट टाळतो.