‘वनाच्छादन’ आणि ‘नोंदीकृत वनक्षेत्र’ यांना एकच ‘वन’ मानू नका

दोन विभागांचे नकाशे एकत्र आणताना फाइलचे स्वरूप बदलणे (शेपफाइलचे जिओजेसन करणे) किंवा दोन्ही थर एकाच निर्देशांक-प्रणालीत (यूटीएमच्या 43 व्या झोनमध्ये) आणणे जीआयएसवर, म्हणजे संगणकीय नकाशा-प्रणालीवर, काम करणाऱ्या प्रत्येकाला येते, म्हणून त्यावर शब्द खर्च करत नाही. खरी चूक त्यानंतर होते. दोन्ही थरांत ‘वन’ हा वर्ग दिसतो आणि ऑन्टॉलॉजी, म्हणजे वर्ग आणि त्यांचे संबंध यांची संगणकाला कळणारी मांडणी, जोडणारा माणूस निर्धास्तपणे त्यांना समान ठरवतो.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या लेखी, किमान एक हेक्टर क्षेत्रावर वृक्षछत्राची घनता 10 टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर ते वनाच्छादन होय. मग जमीन कोणाचीही असो आणि झाडे फळबागेची का असेनात. नोंदीकृत वनक्षेत्र मात्र सरकारी दप्तरातील नोंदीने ठरते. त्यामुळे सिंधुदुर्गातील एखाद्या शेतकऱ्याची दाट काजूबाग पहिल्या वर्गात बसते, दुसऱ्यात नाही; आणि सोलापूरकडील गवताळ राखीव वन दुसऱ्यात बसते, पहिल्यात नाही. झाडे तोडली की वनाच्छादन संपते. नोंद मात्र झाडांबरोबर पुसली जात नाही. एक उपग्रहाने त्या दिवशी पाहिलेली स्थिती आहे, दुसरा कायद्याने दिलेला दर्जा आहे.

ऑन्टॉलॉजी लिहिण्याच्या आऊल भाषेत हे दोन वर्ग ‘इक्विव्हॅलंट क्लास’ (समान वर्ग) म्हणून जोडले, तर अनुमान-यंत्र, म्हणजे त्या मांडणीवरून निष्कर्ष काढणारे सॉफ्टवेअर, ती काजूबाग नोंदीकृत वनात टाकते आणि त्या गवताळ पट्ट्यावर 10 टक्के वृक्षछत्र आहे असे मानून चालते. घनतेच्या रकान्यात शून्य भरलेले असेल तर निदान विसंगती उघड होते. रकाना रिकामा असेल तर काहीच बोंब होत नाही आणि चुकीचे अनुमान तसेच पुढच्या प्रत्येक उत्तरात उतरते. केवळ नावांच्या साम्यावरून वर्ग जुळवणारी साधने म्हणूनच मला अजिबात मान्य नाहीत. ‘क्लोज मॅच’ (जवळपास सारखे) लिहून वेळ मारून नेणेही मला पटत नाही, कारण दोन वर्ग नेमके कुठे फुटतात हे त्यातून कळतच नाही.

माझ्या मते पहिला वर्ग ‘भूआच्छादन’ याखाली आणि दुसरा ‘कायदेशीर दर्जा’ याखाली ठेवावा. दोहोंचे सामायिक क्षेत्र वर्गांच्या व्याख्येत न गुंफता नकाशावरील प्रत्यक्ष बहुभुज (क्षेत्रांच्या सीमाकृती) एकमेकांवर ठेवून मोजावे. वन सर्वेक्षणाचा अहवालही नोंदीकृत क्षेत्राच्या आतील आणि बाहेरील वनाच्छादन वेगळे दाखवतो. पहिल्या वर्गाच्या प्रत्येक नोंदीला उपग्रह-प्रतिमेची तारीख जोडावी, दुसऱ्याच्या नोंदीला अधिसूचनेचा किंवा मूळ दप्तराचा संदर्भ.