उष्णकटिबंधीय पिकांचे बुरशीजन्य रोग : अध्यापन व संशोधन

भात, ऊस, केळी, कॉफी, कोको, रबर, आंबा, मिरी अशा उष्ण प्रदेशातील पिकांवर बुरशींमुळे पडणाऱ्या रोगांचा अभ्यास ही वनस्पती रोगशास्त्राची एक शाखा आहे. लक्षणे ओळखणे, रोगट भागातून बुरशी वेगळी काढणे, रोग तिच्यामुळेच होतो हे सिद्ध करणे, तिचे जीवनचक्र उलगडणे आणि त्यावरून उपाय ठरवणे एवढा तिचा आवाका. यांपैकी सिद्धतेचा टप्पा शिकवायला सर्वांत कठीण आणि घाईच्या वेळी सर्वांत आधी गाळला जातो. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत वाढलेली बुरशी म्हणजे रोगाचे कारण, हा समज विद्यार्थ्याच्या मनातून पहिल्याच सत्रात काढून टाकावा लागतो. मेलेल्या पेशींवर जगणाऱ्या अनेक बुरशी खऱ्या रोगकारकापेक्षा वेगाने वाढतात आणि त्याला झाकून टाकतात.

या प्रदेशात बुरशीच्या साखळीत खंड पाडणारा कडक हिवाळा नसतो. केळी, कॉफी, कोको यांसारखी पिके वर्षभर शेतात उभी असतात. पानावर दव किंवा पाऊस काही तास टिकला की बीजाणू रुजतात आणि एका हंगामात रोगाच्या अनेक पिढ्या होतात. त्यामुळे रोगाची सुरुवात नेमकी कुठून झाली हे शोधणे इथे अधिक जिकिरीचे असते.

श्रीलंकेत (तेव्हाचे सिलोन) १८६९ मध्ये कॉफीवरील तांबेऱ्याची नोंद झाली आणि पुढच्या दोन दशकांत तिथले कॉफीचे मळे जवळजवळ संपले. वनस्पतिशास्त्रज्ञ हॅरी मार्शल वॉर्ड यांनी १८८० ते १८८२ या काळात तिथे राहून तांबेरा घडवणाऱ्या हेमिलिया व्हॅस्टॅट्रिक्स या बुरशीचे जीवनचक्र अभ्यासले. उष्ण कटिबंधातील रोग जागेवर जाऊन अभ्यासण्याचा हा आरंभीचा नमुना आहे. भारतात बुरशीशास्त्रज्ञ एडविन बटलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुसा (बिहार) येथे या कामाचा पाया घातला. १९२० मध्ये ते लंडनमधील क्यू येथील बुरशीशास्त्र केंद्राचे पहिले संचालक झाले.

नमुना कसा आणला यावर पुढचे सगळे अवलंबून असते. ओली पाने प्लास्टिकच्या पिशवीत कोंबली तर दुसऱ्या दिवशी हाती फक्त कूज आणि जिवाणू लागतात; पाने टिपकागदात किंवा कागदी पिशवीत ठेवावीत. पूर्ण वाळलेला डाग निरुपयोगी. तुकडा ठिपक्याच्या कडेचा घ्यावा, ३ ते ५ मिमीचा, निम्मा रोगट आणि निम्मा हिरवा, कारण बुरशीची जिवंत टोके तिथेच पुढे सरकत असतात. तो १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये एक ते दोन मिनिटे बुडवतात, निर्जंतुक पाण्याने तीनदा धुतात आणि निर्जंतुक टिपकागदावर कोरडा करून माध्यमाच्या बशीत ठेवतात. कोरडे करणे टाळले तर तुकड्याभोवतीच्या पाण्यात जिवाणू पसरतात, आणि नवशिक्यांच्या बश्या बहुधा याच कारणाने वाया जातात. कोवळ्या पानाला दोन मिनिटेही जास्त होतात, जाड सालीला कमी पडतात; म्हणून एकाच नमुन्याचे तुकडे वेगवेगळ्या वेळा बुडवून पाहणे चांगले.

बुरशी वाढवण्याचे नेहमीचे माध्यम म्हणजे बटाटा-डेक्स्ट्रोज अगार. २०० ग्रॅम बटाट्याचा काढा, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज आणि १५ ते २० ग्रॅम अगार यांत पाणी घालून १ लिटर करतात आणि १२१ अंश से. तापमानाला १५ ते २० मिनिटे निर्जंतुक करतात. जिवाणू रोखणारे प्रतिजैविक ४५ ते ५० अंशांपर्यंत निवल्यावर मिसळावे, गरम असताना नाही. मात्र हे माध्यम साखरेने श्रीमंत असल्याने ऱ्हायझोपस, ट्रायकोडर्मा यांसारख्या भरभर वाढणाऱ्या बुरशींचे फावते. शंका असेल तिथे साधे २ टक्के पाणी-अगार वापरावे. त्यावर वाढ विरळ होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकच तंतूटोक किंवा एकच बीजाणू उचलून शुद्ध वाण (एकाच बुरशीची निर्भेळ वाढ) मिळवता येतो.

तांबेरा, भुरी आणि केवडा यांचे रोगकारक या पद्धतीने मिळत नाहीत. त्यांना जिवंत यजमान लागतो, म्हणून ते रोपांवर किंवा तोडलेल्या जिवंत पानांवर सांभाळतात. फायटोफ्थोरा आणि पिथियम दिसायला बुरशीसारखे, पण खऱ्या बुरशी नव्हेत. त्यांच्या पेशीभित्तिकेत मुख्यत्वे बीटा-ग्लुकान आणि सेल्युलोज असते. हा फरक केवळ वर्गीकरणाचा नाही. फायटोफ्थोरामुळे होणाऱ्या मिरीच्या जलद मर रोगावर किंवा कोकोच्या काळ्या फळकुजीवर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक फवारून काहीच हाती लागत नाही, आणि फायटोफ्थोरासारख्यांवर चालणारे मेटालॅक्झिल खऱ्या बुरशींवर चालत नाही. निदान चुकले की फवारणीचा खर्च तर वाया जातोच, शिवाय रोग रोखण्याचे दिवसही निघून जातात.

शुद्ध वाण हाती आल्यावर रोगाचे कारण तीच बुरशी आहे का हे ठरवणाऱ्या कॉखच्या कसोट्या लावतात. बीजाणूंचे निलंबन साधारणपणे दर मिलिलिटरला १ लाख ते १० लाख ठेवतात. मोजणी रक्तपेशी मोजण्याच्या काचपट्टीवर होते: १ चौ.मिमीच्या चौकोनात सरासरी २५ बीजाणू दिसले, तर २५ ला १०,००० ने गुणून दर मिलिलिटरला अडीच लाख. निलंबन रोपांवर फवारून २४ ते ४८ तास दमट आवरणाखाली ठेवतात. तितक्याच रोपांवर नुसते पाणी फवारून त्यांनाही तसेच झाकतात. ही तुलनेची रोपे नसतील तर प्रयोगाला अर्थ उरत नाही. कॉफीचा तांबेरा पानाच्या खालच्या बाजूच्या पर्णरंध्रांतून शिरतो, त्यामुळे वरून फवारले तर बुरशी योग्य असूनही रोग दिसत नाही. नव्या ठिपक्यांतून तीच बुरशी पुन्हा मिळाल्यावरच सिद्धता पुरी होते. माध्यमावर वारंवार उतरवलेला वाण रोगकारकता गमावू शकतो. म्हणून सुरुवातीलाच त्याच्या प्रती १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना ठेवून द्याव्यात.

ओळख पटवण्यासाठी बीजाणूंचा आकार आणि मोजमाप आजही लागतेच, पण तेवढ्यावर भागत नाही. कोलेटोट्रायकम ग्लोइओस्पोरिऑइडिस ही बुरशी म्हणून नोंदवलेले कित्येक नमुने प्रत्यक्षात जवळच्या वेगळ्या जातींचे निघाले. या गटात आयटीएस हा एकच डीएनए-खंड पुरत नाही. फ्युजेरियम या बुरशीसाठी टीईएफ-१ हा जनुक अधिक भरवशाचा.

बुरशीनाशकांची चाचणी केवळ बशीत करणे धोक्याचे आहे. ट्रायसायक्लाझोल या बुरशीनाशकामुळे अगारवरील भातकरप्याच्या बुरशीची वाढ फारशी थांबत नाही, तरी पानावर ते प्रभावी ठरते. कारण पानात घुसण्यासाठी लागणाऱ्या अवयवातील मेलॅनिन या गडद रंगद्रव्याची निर्मिती ते रोखते. शेतातील नोंदींमध्ये वेगळी अडचण येते. छोटे ठिपके विखुरलेले असले की निरीक्षक रोगग्रस्त क्षेत्र हमखास जास्त धरतो. रोगाचे ठरावीक प्रमाण दाखवणाऱ्या प्रमाणचित्रांशी ताडून सराव केल्यावर हा दोष बराच कमी होतो, म्हणून हा सराव शेतावर नेण्याआधी वर्गातच करून घ्यावा.

केळीवरील पनामा मर रोगावर काम करताना शिस्त आणखी कडक लागते. तो घडवणाऱ्या फ्युजेरियमचे जाड भिंतीचे बीजाणू जमिनीत दशकानुदशके तग धरतात. ग्रोस मिशेल हा वाण या रोगाने व्यापारातून बाद केला आणि त्याच्या जागी आलेल्या कॅव्हेंडिशलाही आता याच बुरशीचा ‘ट्रॉपिकल रेस ४’ हा उपप्रकार ग्रासतो आहे. नमुना खोडाच्या आतील रंग पालटलेल्या धाग्यांचा घ्यावा, कुजलेल्या गड्ड्याचा नाही. धागे निर्जंतुक टिपकागदात हवेवर सुकवून पाठवतात. बागेतून निघण्यापूर्वी बूट आणि अवजारांवरची माती आधी घासून काढावी, मगच जंतुनाशकात बुडवावे; चिखलाच्या थराआड बीजाणू सुरक्षित राहतात. प्रयोगशाळेत वापरलेल्या बश्या निर्जंतुक केल्याशिवाय बाहेर टाकू नयेत, आणि जिथे हा उपप्रकार पोचलेला नाही तिथे विलग्नवास अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय त्याचा जिवंत वाण आणू नये, शिकवण्यासाठीही नाही.