ग्लॉबिंग (शेल स्क्रिप्टमधली फाइलनिवड)

फोल्डरमधल्या सगळ्या फाइली न घेता हव्या तेवढ्याच नावांवर स्क्रिप्ट (लिहून ठेवलेल्या कमांडांची फाइल) चालावी म्हणून शेलला, म्हणजे टाइप केलेल्या कमांडा चालवणाऱ्या प्रोग्रामला, नावाचा जो नमुना देतात तो ग्लॉब, आणि त्यावरून नावं काढणं म्हणजे ग्लॉबिंग. तारा (*, कितीही अक्षरं), प्रश्नचिन्ह (?, नेमकं एक) आणि चौकटी कंस ([ ], आत दिलेल्यांपैकी एक) ही त्याची चिन्हं रोजच्या वापरातलीच आहेत.

उगम : 1971 च्या पहिल्या युनिक्स (बेल लॅब्जची ऑपरेटिंग सिस्टिम) मॅन्युअलमध्ये ग्लॉब हा शेलचा भाग नव्हता, तो वेगळा प्रोग्राम होता, ओळीत तारा दिसला की शेल त्याला बोलवायचं, तो नावं भरायचा आणि पुढची कमांड चालवायचा. नाव ‘ग्लोबल’वरून आलंय. बेल लॅब्जमधले डग मॅकलरॉय यांच्या म्हणण्यानुसार बी (सी भाषेची पूर्वज) भाषेतला हा प्रोग्राम युनिक्सच्या मुख्य प्रोग्रामांपैकी वरच्या पातळीच्या भाषेत लिहिलेला पहिलाच. ताऱ्याची कल्पना मात्र त्याआधीची असावी, कारण मल्टिक्स या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तशी पद्धत होती आणि युनिक्सची मूळ मंडळी तिथूनच आलेली, त्यामुळे ती तिथून आली हे जास्त पटतं. 1979 च्या सातव्या आवृत्तीत बोर्न शेल या नव्या शेलनं हे काम स्वतःकडे घेतलं.

तेव्हापासून एक सवय चिकटलीय. काहीच जुळलं नाही तर बोर्न शेल नमुना तसाच पुढे ढकलतं, बॅश हे आज सर्रास वापरलं जाणारं शेलही तेच करतं, झेडशेल हे दुसरं शेल मात्र एरर देऊन थांबतं. देवगडात आंब्याच्या पावत्यांच्या फोल्डरवर स्क्रिप्ट लावली आणि जूनमध्ये हंगाम संपल्यावर फोल्डर रिकामा झाला, की लूप (प्रत्येक फाइलवर तेच काम करणारा भाग) एकदा फिरतोच, आणि तोही ‘पावती_*’ नावाच्या नसलेल्या फाइलवर. बॅशमध्ये नलग्लॉब (न जुळलेला नमुना गाळून टाकणारा पर्याय) चालू करायचं, नाहीतर फाइल खरंच आहे का ते आधी तपासायचं.

टिंबानं सुरू होणारी नावं ताऱ्याला सापडत नाहीत. बेल लॅब्जमध्ये युनिक्सवर काम केलेले रॉब पाइक यांनी 2012 मध्ये सांगितल्याप्रमाणे एलएसच्या (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) यादीतून ‘.’ (हाच फोल्डर) आणि ‘..’ (वरचा फोल्डर) वगळायला फक्त पहिलं अक्षर तपासलं गेलं आणि लपलेल्या फाइली त्यातून चुकून जन्मल्या. ठरवून केलेली सोय होती यापेक्षा हेच खरं वाटतं.

एलएसचं आउटपुट पकडून त्यावर लूप फिरवायचा, असं अजून कित्येक जण शिकवतात, ते बंद व्हायला हवं. ‘हापूस पावती 12 मे’ या एका फाइलचे तिथे चार तुकडे पडतात. नावात स्लॅश आणि नल बाइट (शून्य किमतीचा बाइट) सोडून काहीही चालतं, अगदी नवी ओळसुद्धा. थेट ग्लॉब वापरा, व्हेरिएबल दुहेरी अवतरणात ठेवा, आणि नाव डॅशनं सुरू होऊ शकत असेल तर नमुन्याआधी ‘./’ लावा, नाहीतर कमांड त्या नावाला पर्याय समजते.

देवनागरी नावं : ‘रत्नागिरी’ कानाला चार अक्षरं, पण युनिकोडमध्ये काना, वेलांटी, हलन्त धरून 9 चिन्हं आणि यूटीएफ-8 (युनिकोड साठवायची नेहमीची पद्धत) मध्ये 27 बाइट. म्हणून चार प्रश्नचिन्हांनी ते जुळत नाही, नऊ लागतात. आणि क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालणाऱ्या स्क्रिप्टला सी लोकॅल (प्रत्येक बाइटला एक अक्षर मानणारी भाषेची सेटिंग) मिळालं तर बॅशमध्ये सत्तावीस. ईएक्सटी4 या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये नावाला 255 बाइटांची मर्यादा, म्हणजे निव्वळ देवनागरीत फक्त 85 चिन्हं. त्याहून चकवणारी गोष्ट ‘किनाऱ्या’तल्या ऱ्याची, तो कुणी ऱ ला हलन्त लावून टाइप करतं, कुणी साध्या र् नंतर न दिसणारं जोडचिन्ह घालून, स्क्रीनवर दोन्ही सारखेच पण शेलला ती दोन वेगळी नावं, त्यामुळे किनाऱ्याच्या फोटोंवर ‘किनाऱ्या*’ लावलं तर दुसऱ्या पद्धतीनं टाइप केलेली नावं सुटतात. ‘किना*’ लिहावं.

नावं क्रमानं येतात, पण ‘पेटी_10’ हे ‘पेटी_2’च्या आधी, म्हणून 02 लिहिलेलं बरं. हजारो फाइली असतील तर बाहेरच्या कमांडला एवढी यादी पेलेलच असं नाही, शेलच्या स्वतःच्या फॉर लूपला ही अडचण नाही. आतल्या सगळ्या फोल्डरांत शोधायचं असेल तर फाइंड ही कमांड, आणि नावं वेगळी करायला नल बाइट, जी सोय 2024 च्या पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टिमांचं प्रमाण) आली.