शेवटचे तीन किलो उतरत नाहीत तेव्हा

(फोंड्यातील आमच्या आहार सल्ला केंद्राकडून, कॅलरी मोजून जेवणाऱ्या ग्राहकांसाठी)

"मॅडम, घास न् घास ॲपमध्ये लिहिते, तरी काटा जागचा हलत नाही." आमच्याकडे हे वारंवार ऐकू येतं. सांगणाऱ्याने बहुतेक वेळा सहा-सात किलो स्वतःच्या मेहनतीने उतरवलेले असतात आणि उरलेल्या दोन-तीन किलोंवर घोडं अडलेलं असतं. अशा माणसाला "मनावर घ्या" असं सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याने मनावर घेतलेलंच असतं. फक्त हिशेब बदललेला असतो.

समजा, वय ४२, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. ऑफिस, घरकाम, थोडंफार चालणं. अशा बाईंच्या शरीराला दिवसाला साधारण १,८०० कॅलरी लागतात. त्या १,५०० खातात, म्हणजे रोज ३०० ची तूट. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, त्यामुळे महिन्याला किलोभर वजन उतरतं. आता त्या ६१ किलोंवर आल्या. लहान झालेल्या शरीराला कमी लागतं, चालताना वाहायचं ओझंही कमी असतं. खर्च १,७०० च्या आसपास येतो. जेवण तेच, पण तूट उरते २००. आठवड्याला जेमतेम १८० ग्रॅम.

आणि २०० कॅलरी म्हणजे किती? दोन चहाचे चमचे तेल आणि मूठभर खवलेलं खोबरं. वजन ६८ होतं तेव्हा एवढी चूक झाली तरी शंभरेक कॅलरींची तूट राहत होती, काटा हळूहळू का होईना खाली येत होता. आता तेवढ्याच चुकीने सगळी तूट भरून निघते.

म्हणून आम्ही आधी जेवण कमी करायला सांगत नाही, आधी स्वयंपाकघरात जातो. हुमणाचंच, म्हणजे नारळ घातलेल्या मासळीच्या कालवणाचंच घ्या. चौघांच्या हुमणाला नारळाची एक कवड लागली आणि तिचं खोबरं १२० ग्रॅम भरलं, तर माणशी शंभराहून थोड्या जास्त कॅलरी नुसत्या खोबऱ्याच्या झाल्या. ॲपमध्ये 'फिश करी' म्हणून जी नोंद सापडते ती कुठल्या घरची, त्यात नारळ होता की टोमॅटो-कांदा, हे कळायला मार्ग नसतो. वर भाजीवर खोबरं पडतं, नारळाच्या रसाची सोलकढी असते. नारळ बंद करा असं आम्ही कधीच सांगणार नाही, गोव्यात राहून तो सल्ला कुणी पाळणारही नाही. खवल्यावर एकदा काट्यावर ठेवा, एवढंच. आणि रोजच्या सोलकढीऐवजी अधूनमधून तिवळ, म्हणजे नारळाशिवायचं कोकमाचं सार करा.

तेलाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. एक ताई रवा लावलेल्या बांगड्यापुढे 'तेल १ चमचा' असं लिहायच्या, अगदी प्रामाणिकपणे. आम्ही त्यांना तळण्याआधी आणि तळल्यावर तेलाची बाटली काट्यावर ठेवायला सांगितलं. बाटली ३० ग्रॅमने हलकी झाली होती. तव्यात उरलेलं तेल वाटीत काढून मोजलं, ते ८ ग्रॅम भरलं. म्हणजे २२ ग्रॅम तेल रव्याने प्यायलं, ते दोघांच्या ताटात गेलं. तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे ताईंच्या वाट्याला शंभर. त्यांनी लिहिल्या होत्या ४५. त्या खूप वेळ त्या वाटीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझं शरीर बिघडलेलं नाही तर!"

हे सगळ्यांचंच होतं. १९९२ साली अमेरिकेत, 'कमी खाऊनही आमचं वजन उतरत नाही' असं सांगणाऱ्या काही लोकांचा खरा आहार शास्त्रीय पद्धतीने मोजला गेला. त्यांनी नोंदवलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी निघालं, आणि त्यांच्या शरीराचा खर्च मात्र ठीकठाक होता. अंदाजाने मोजलं की असं होतं. भाताची 'एक वाटी' घ्या: ॲपमधली १५० ग्रॅमची, सुमारे १९५ कॅलरींची, आपली शीग लावलेली वाटी २२० ग्रॅमपर्यंत जाते, म्हणजे २८५. उकड्या तांदळाचा भात असला तरी तोलून बघाच.

रविवारचं वेगळं सांगायला हवं. सोमवार ते शुक्रवार रोज २०० वाचवल्या, म्हणजे हजार झाल्या. शनिवार-रविवारी बाहेरचं जेवण, चार काजू म्हणता म्हणता पन्नास ग्रॅम, ६० मिली फेणीच्या एकट्या १४० कॅलरी. हजार कुठे गेल्या कळतही नाही. चालण्याचंही तसंच. तासभर चालल्यावर घड्याळ २१० दाखवतं, पण त्यातल्या ६० बसून राहिलं तरी खर्च होणारच होत्या. त्या २१० परत खाऊ नका.

काट्याकडेही जपून बघा. खारं सुकट, लोणचं, चवथीचे दिवस, पाळीच्या आधीचा आठवडा, यांत शरीरात पाणी साठून वजन किलो-दीड किलो वर जातं. आठवड्याची १८० ग्रॅमची घट त्याखाली सहज झाकली जाते. रोज सकाळी उपाशीपोटी वजन करा, आठवड्याची सरासरी काढा आणि चार आठवड्यांच्या सरासऱ्या शेजारी ठेवून मगच काय ते ठरवा.

वैतागून १,००० कॅलरींवर उतरू नका. भूक अनावर होते, स्नायू झिजतात, आणि तो आहार आम्ही लिहूनही देत नाही. त्यापेक्षा प्रत्येक जेवणात मासळी, अंडी, कडधान्य किंवा दही ठेवा आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलण्याचा व्यायाम करा.

हे तीन किलो खरंच उतरवायला हवेत का, हेही विचारा. कंबर बाईंची ८० आणि पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आत असेल, साखर-रक्तदाब ठीक असेल, तर आहे ते वजन सहा महिने टिकवा, असंच आम्ही सांगतो. उतरवलेले सात किलो परत न येणं आमच्या लेखी जास्त मोलाचं आहे. मोजण्याची धास्तीच बसली असेल, खाल्लं की अपराधी वाटत असेल, तर ॲप आजच बंद करा आणि आमच्याशी किंवा डॉक्टरांशी बोला.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. थकवा, केस गळणं, पाळी अनियमित असं काही असेल तर आधी थायरॉइड तपासून घ्या.

आमच्याकडे पावडरी किंवा गोळ्या विकत नाहीत. पहिल्या भेटीला येताना घरची भाताची वाटी, आमटीचा डाव आणि तेलाचा चमचा पिशवीत घालून आणा. तुमच्यासमोर त्यात पाणी भरून मोजतो आणि माप वाटीच्या बुडाला लिहून देतो. पुढचे दोन आठवडे त्याच वाटीने जेवा, जेवण एका घासानेही कमी न करता. त्यानंतरच आपण आहार ठरवू.