खापर उचलण्याआधी चिठ्ठी लिहा : उत्खनन-खेळाला येणाऱ्या पालकांसाठी माहितीपत्रक

रविवारी बडोद्यात आमच्याकडे मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांपैकी बऱ्याच जणांना हा खेळ आता माहीत झाला आहे : थराथराने माती भरलेल्या पेटीत वस्तू पुरलेल्या असतात आणि मुलं त्या खऱ्या उत्खननासारख्या खणून काढतात. म्हणून पेटी म्हणजे काय, ब्रश कसा धरायचा वगैरे इथे पुन्हा सांगत नाही. एका गोष्टीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण खेळातला सर्वांत जास्त वेळ तिच्यापायी वाया जातो.

खेळ सुरू झाला की थोड्याच वेळात एखाद्या पेटीत खापराचा काठ वर येतो. मूल ब्रशने हळूहळू माती सारत असतं. तेवढ्यात मागे उभे असलेले बाबा किंवा आजोबा वाकून ते खापर ओढून काढतात आणि मुलाच्या हातात देतात. हे कौतुकापोटीच होतं, ते आम्हाला कळतं. पण खापर उपटलं की ते कोणत्या थरात होतं, उताणं होतं की पालथं, त्याच्या शेजारी काय होतं, हे सगळं गेलं. मग शेवटी सगळे गट आपापला नकाशा मांडतात तेव्हा या गटाकडे नुसता खापरांचा ढीग असतो. खेळ घेणारी आमची ताई बसून अंदाजाने थर लावून देते, बाकीची मुलं थांबून राहतात आणि काठावरून भांडं ओळखण्याचा भाग घाईत उरकावा लागतो.

पेटीत नेमकं काय असतं ते सांगितलं तर आमचा आग्रह पटेल. वरच्या भुसभुशीत तपकिरी मातीत कौलांचे तुकडे आणि बडोदा संस्थानच्या नाण्याची प्रतिकृती असते. त्याखालच्या पिवळसर मातीत पावागढच्या पायथ्याशी चांपानेरला सापडतात तशी चकाकत्या लेपाची खापरं. सगळ्यात खाली काळी माती, तिच्यात लाल खापरं आणि शंखाच्या बांगड्यांचे तुकडे. या तुकड्यांची कल्पना आम्ही गुजरातमधल्या बगसरा या स्थळावरून घेतली : तिथे आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या उत्खननात हडप्पाकाळातली शंखकामाची जागा उजेडात आली. एकाच गावात हे तिन्ही थर असे एकाखाली एक मिळणार नाहीत. मुलांना थर कळावेत म्हणून आम्ही ते एकत्र आणले आहेत.

आता खरी गंमत. प्रत्येक पेटीच्या एका कोपऱ्यात वरच्या थरातून थेट खालपर्यंत गेलेला राखेचा खड्डा असतो आणि संस्थानचं तसंच एक नाणं त्याच्या तळाशी असतं. म्हणजे शंखाच्या बांगडीच्याही खाली! ‘जितकं खोल तितकं जुनं’ एवढंच पाठ केलेलं मूल इथे अडतं. पण ज्याने गवंड्याच्या करणीने माती सपाट खरवडत आणली, त्याला पिवळ्या मातीत करड्या राखेचं स्वच्छ वर्तुळ दिसतं. थोडा वेळ ते वर्तुळाकडे बघत राहतं आणि मग स्वतःच म्हणतं, “इथे कुणीतरी नंतर खड्डा खणला होता.” हे वाक्य मुलाच्या तोंडून यावं यासाठी आम्ही प्रत्येक खेळानंतर सगळी माती चाळून थर पुन्हा भरतो. कोपऱ्यातली एक वस्तू ओढली की राख आणि माती मिसळतात आणि वर्तुळ पुसलं जातं.

म्हणून क्रम असा. वस्तू दिसली की हात थांबवायचा. पेटीतला कोणता चौकोन, कोणता थर, तारीख आणि खणणाऱ्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं. वहीत वस्तूचं साधं चित्र काढायचं. मग वस्तू पिशवीत, आणि चिठ्ठीही त्याच पिशवीत.

“शाळेत लिहितंच की, इथे तरी खणू द्या” असं काही पालक म्हणतात. त्यांना आम्ही देवनी मोरीबद्दल सांगतो. शामळाजीजवळच्या या बौद्ध स्तूपाचं उत्खनन आपल्याच विद्यापीठाने 1960 ते 1963 या काळात केलं. पूज्य अवशेष ठेवण्याचा, कोरीव लेख असलेला दगडी करंडक तिथेच मिळाला. आज ती जागा मेश्वो धरणाच्या पाण्याखाली आहे. पुन्हा जाऊन बघू म्हणण्याची सोय नाही, त्या वेळी केलेल्या नोंदी आणि आणलेल्या वस्तू एवढंच हाती आहे. उत्खनन म्हणजे जागा एकदाच वाचायची, आणि वाचता वाचता ती संपते. लिहिण्याचा भाग आम्ही कमी करणार नाही तो यामुळे.

चिठ्ठ्या नीट असल्या की शेवटची वीस मिनिटं सोन्यासारखी जातात. एकात एक वर्तुळं काढलेल्या तक्त्यावर खापराचा काठ टेकवायचा आणि कोणत्या वर्तुळाशी त्याची कड जुळते ते बघायचं. बोटभर तुकड्यावरून अख्ख्या मडक्याचं तोंड केवढं होतं ते कळतं, आणि मुलं घरी जाऊन स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तेच करतात, असं बऱ्याच आया सांगतात.

नेहमीच्या प्रश्नांबद्दल थोडक्यात. वस्तू खऱ्या नाहीत. मडकी कुंभाराकडून घडवून घेतो आणि मग फोडतो. खऱ्या स्थळावर मुलांना खणायला आम्ही नेत नाही, कुणीही नेऊ नये : संरक्षित जागी परवान्याशिवाय खणणं 1958 च्या कायद्याने गुन्हा आहे. चांपानेर-पावागढ 2004 पासून जागतिक वारसा स्थळ आहे, तिथे पावसाळा संपल्यावर बघायला आणि चित्रं काढायला जरूर नेतो. कुणाच्या घराचा पाया खणताना जुनी नाणी किंवा दागिना निघाला तर आमच्याकडे आणू नका. अशा ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची असते, हा कायदा 1878 पासून आहे.

कमाटीबागेतल्या संग्रहालयाची फेरी वेगळी नोंदवावी लागते. संग्रहालयाचं तिकीट ज्याने त्याने काढायचं. देवमाशाचा सांगाडा आणि ममी आम्ही शेवटी दाखवतो. ते आधी दाखवलं तर अकोट्याच्या जैन कांस्यमूर्तींपुढे कुणी उभं राहत नाही, आणि त्या तर आपल्या शहरात, आपल्याच मातीत मिळालेल्या आहेत. प्रत्येक मुलाने एकच वस्तू निवडून ती चितारायची, एवढंच काम. सगळी दालनं पुरी करण्याचा हट्ट धरू नका.

खेळाच्या दिवशी जुने कपडे घाला, पाण्याची बाटली आणा. पाच वर्षांखालच्या भावंडांसाठी खापरं धुण्याचं टेबल आहे, त्याचे पैसे घेत नाही. वही आणि चित्रं मुलांनी घरी न्यायची, खापरं पेटीतच राहतात. समजावणं मराठी आणि गुजराती दोन्हींत होतं. शाळांसाठी पेट्या शाळेत आणून मांडतो, त्याची नोंदणी पंधरा दिवस आधी करा.

आणि ज्या आजी-आजोबांना, आई-बाबांना स्वतः खणायचं आहे, त्यांच्यासाठी मोठ्यांची वेगळी पेटी आता दर रविवारी भरून ठेवतो. तिच्यातही राखेचा खड्डा आहे. वेगळं शुल्क नाही, नोंदणी करताना तेवढं सांगा.