हवाई हल्ल्यातील घर व पाळीव जनावरे (गोवा)

बाँबहल्ल्याच्या काळात घरच्या जनावरांचे काय होते, याची चर्चा बहुधा ब्रिटनपासून सुरू होते. सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध पुकारताच पहिल्याच आठवड्यात तेथील मालकांनी आपली कुत्री-मांजरे स्वतः नेऊन मारवून घेतली. संपूर्ण देशासाठी 7,50,000 हा आकडा वारंवार उद्धृत होतो; लंडनपुरता सुमारे 4,00,000 हा अंदाज त्याहून ग्राह्य वाटतो. लंडनवरील सलग बाँबवर्षाव सुरू व्हायला तेव्हा वर्षभर अवकाश होता.

पोर्तुगाल तटस्थ राहिल्याने त्याच्या सत्तेखालील गोवा त्या युद्धात बाँबहल्ल्यांपासून वाचला. ती वेळ आली 18 डिसेंबर 1961 रोजी. सकाळी भारतीय हवाई दलाच्या 12 कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर सुमारे 63,000 पौंड वजनाचे बाँब टाकले; मागाहून आणखी 8 विमाने आली. बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हंटर विमानांनी मारा केला. धावपट्टीची हानी बेताचीच असावी, कारण त्याच रात्री तिची डागडुजी करून दोन पोर्तुगीज विमाने कराचीकडे निसटली.

त्या दिवशी घरात ऐकू आलेला प्रत्येक स्फोट मात्र विमानातील बाँबचा मानता येत नाही. माघार घेणाऱ्या पोर्तुगीज सैन्याने बाणस्तारी, बोरी येथील पूल सुरुंगाने उडवले. दुपारी मुरगाव बंदरात ‘आफोंसो द आल्बुकेर्क’ ही पोर्तुगीज युद्धनौका आणि भारताच्या ‘बेतवा’, ‘बियास’ यांच्यात तोफा झडल्या. तेव्हा फोंड्याकडील हादरे पुलांचे, तर दोनापावल-वास्को भागातील दुपारचे आवाज तोफांचे असण्याचा संभव अधिक. मौखिक आठवणी नोंदवताना गाव आणि प्रहर आधी विचारावा.

जांभ्या चिऱ्याच्या कौलारू घराला सहसा तळघर नसते, चौसोपी घराचे राजांगण (मधला चौक) तर आभाळाला उघडेच; आडोसा म्हणून माजघर तेवढे उरते. माणसाला सुमारे 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येते, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून अधिक. कुत्रे बहुधा माणसाआधी बिथरते. मांजर माळ्यावर चढते. खरा धोका दाव्याला बांधलेल्या गुरांना, कारण हिसके देऊन ती स्वतःलाच जखमी करून घेतात. आणि सकाळ ही धारा काढण्याची वेळ.

19 डिसेंबरच्या रात्री पोर्तुगीज शरण आले. स्वयंपाकघरातील ओढाताण त्याआधीची, 1950 च्या दशकातील भारताच्या आर्थिक नाकेबंदीपासूनची. त्या काळात बटाटे हॉलंडहून आणि चहा सिलोनहून येई.