डबल बास: मुलांच्या हाती उशिरा पोचलेलं वाद्य

डबल बास हे व्हायोलिनच्या कुळातलं सर्वांत मोठं, खर्जाचं वाद्य. ते वाजवणाऱ्याला एकाच घरात राहून चालत नाही. ऑर्केस्ट्रा, ऑपेरा, जॅझ, रेकॉर्डिंग, शिकवण्या अशी त्याची कामं विखुरलेली असतात. खर्जाचा आधार सगळ्यांनाच हवा असतो आणि तो देणारे हात कायम कमी असतात. हात कमी का, याचं उत्तर वाद्याच्या आकारात आहे.

या वाद्याकडे माणसं बहुधा वळसा घेऊन आली. जोव्हानी बोत्तेसिनी यांना १८३५ मध्ये मिलानच्या संगीतशाळेत शिकायचं होतं, पण शिष्यवृत्तीच्या जागा बॅसून (फुंकून वाजवायचं खर्जाचं वाद्य) आणि डबल बास या दोनच वाद्यांसाठी उरल्या होत्या. त्यांनी काही आठवड्यांत बासची तयारी करून प्रवेश मिळवला. पुढे ते एकल वादक झाले, त्यांनी ऑपेरा लिहिले, बास शिकण्याचं पुस्तक लिहिलं आणि १८७१ मध्ये कैरोत वेर्दींच्या ‘आयदा’ या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगात वाद्यवृंदाचं संचालनही केलं. सर्ज कुसेवित्स्की यांनीही मॉस्कोत शिष्यवृत्तीसाठीच बास घेतला. १९२४ ते १९४९ या काळात ते अमेरिकेतल्या बोस्टन सिम्फनी या ऑर्केस्ट्राचे संगीत संचालक होते.

विसाव्या शतकात जॅझने बोटांनी तार छेडून वाजवण्याला मानाचं स्थान दिलं. १९५१ मध्ये फेंडर कंपनीची विजेवरची बास गिटार आली. तिच्या तारांची जुळणी डबल बाससारखीच असल्यामुळे अनेक वादक दोन्ही वाजवू लागले.

शिक्षण मात्र मोठ्यांच्या मापाचंच राहिलं. व्हिएन्नाच्या फ्रांत्स सिमांडल यांची पद्धत आजही अनेक ठिकाणी शिकवली जाते. तिच्यात खालच्या स्वरांच्या भागात तर्जनी, मधलं बोट आणि करंगळी स्वर धरतात. अनामिका करंगळीला जोर देते. एवढ्या बोटांत एका जागी जेमतेम एक पूर्ण स्वर मावतो. म्हणूनच शेजारच्या तारांमध्ये चेलोसारखं (चेलो म्हणजे याच कुळातलं, बासपेक्षा लहान वाद्य) सा-प नव्हे, तर सा-म इतकं अंतर ठेवतात. नाहीतर हात सतत वरखाली पळवावा लागेल.

आकडे पाहिले की मुलांची अडचण कळते. नेहमीच्या बासवर तारेची वाजणारी लांबी सुमारे १०५ सेंटिमीटर असते. पहिल्या पोझिशनमध्ये, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाजवळ हात असताना, तर्जनी ते करंगळी हे अंतर दहा सेंटिमीटरच्या वर जातं. सात वर्षांच्या मुलाने ते ताणून धरायचा प्रयत्न केला, तर मनगट वाकतं, अंगठा वाद्याच्या मानेला चिमटा काढतो आणि करंगळीचा स्वर कमी पडतो. त्यामुळे बास बहुतेकांच्या हाती तेराव्या-चौदाव्या वर्षी, तेही दुसरं वाद्य सोडून, येई. ‘थ्री-क्वार्टर’ (पाऊण माप) या नावानेही गोंधळ होतो: ते लहानांचं माप नाही, बहुतेक प्रौढ वादक तेच वाजवतात.

१९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये रॉडनी स्लॅटफोर्ड यांच्या यॉर्क एडिशन या प्रकाशनसंस्थेने मिनी-बासचा उपक्रम हाती घेतला. कॅरोलाइन एमरी यांनी लहान मुलांसाठी पाठ्यपुस्तकं लिहिली. अमेरिकेत जॉर्ज व्हान्स यांनी बासवादक फ्रांस्वा राबाथ यांचे विचार मुलांपर्यंत नेले. डाव्या हाताची मोकळी, सलग हालचाल हा त्या विचारांचा गाभा. आता एक-दशांश मापाचीही वाद्यं मिळतात. तार ७० सेंटिमीटरची, म्हणजे जवळपास चेलोइतकी असली, की तर्जनी ते करंगळी हे अंतर सात सेंटिमीटरच्या आत येतं.

पण वाद्य छोटं केल्याने सगळं सुटत नाही. सर्वांत जास्त चुका तारांच्या बाबतीत होतात. मोठ्या बासची तार कापून छोट्यावर चढवली, तर त्याच सुरासाठी लागणारा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो: १०५ वरून ७० सेंटिमीटरवर आलं की तो ४४ टक्क्यांवर येतो. तार लोंबते, गज लावला की घरघरते आणि सुरावर ठरत नाही. अशा वेळी दोष मुलाच्या हाताला दिला जातो. त्या मापासाठी बनवलेल्या, अधिक जड तारा घेणं हाच खरा इलाज. एवढं करूनही सर्वांत खर्जातली ई तार वाद्याच्या छोट्या पेटीत पोकळच वाजते. म्हणून सुरुवातीचे धडे वरच्या तीन तारांवर घेतलेले बरे.

घोडी (तारा उचलून धरणारा लाकडी आधार) फार उंच असेल तर तीही कमी करून घ्यावी. तार दाबायला बळ लागलं की मूल अंगठ्याने आवळतं, आणि ती सवय सुटायला फार काळ जातो. उभं राहून वाजवताना फिंगरबोर्डचं (तारा जिच्यावर दाबतात त्या पट्टीचं) वरचं टोक साधारण भुवईच्या उंचीला यावं. तसं येईपर्यंत खालचा टेकू वरखाली करावा. काही शिक्षक पहिले धडे मानेच्या वरच्या टोकाऐवजी पेटीजवळ सुरू करतात. तारेच्या मध्यापर्यंत पोचेतो स्वरांमधलं अंतर निम्मं होतं आणि हात आपोआप सैल राहतो.